बळ्ळारी नाल्याकाठचं भात

गेल्या श्रावणात माहेरी, बेळगावजवळच्या येळ्ळूरला गेले होते. पाऊस उघडून काही दिवस झाले होते, राजहंसगडावरचे ढगही वर सरकले होते, पण नाल्याकडच्या खालच्या शेतातलं पाणी जागचं हललं नव्हतं. तात्या, म्हणजे माझे चुलते, रोज सकाळी बांधावर जाऊन भाताचे शेंडे किती वर दिसतात ते बघून येत. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मी होते आणि त्यांची नात होती. ती धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकते. पोरीने चप्पल बांधावर काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाफ्यात उतरली. पाय चिखलात रुतला तसे आजूबाजूने बुडबुडे वर आले आणि पाण्यावर येऊन फुटले. गंधकाचा उग्र वास नाकाशी आला आणि गेला. ती म्हणाली, “आज्जा, हे बघ. मिथेन हाय ह्यात. जग तापायलंय, त्यात भातशेतीचा पण वाटा हाय म्हणून शिकवल्यात आम्हाला.” तात्यांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग नाल्याच्या दिशेने. “मग आम्ही काय मुद्दाम साठवायलोय व्हय पाणी?” एवढंच म्हणाले आणि वळले.

पोर गप्प झाली. घरी येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. तिने सांगितलं ते शास्त्रात आहे, आणि तात्यांनी विचारलं तेही खरंच आहे. तेव्हापासून हे दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून आहेत.

मी अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मिथेनचा धडा आला की व्होल्टाची गोष्ट सांगायची. 1776 च्या नोव्हेंबरात इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठच्या दलदलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने काठीने गाळ ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि हा वायू पेटतो हे दाखवून दिलं. हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर इटली कधी आली नाही, आमचं खालचं शेतच यायचं. लहानपणी लावणीच्या वेळी चिखलात उभं राहिलं की पिंढऱ्यांना गुदगुल्या करत ते बुडबुडे वर यायचे. आई म्हणायची, जमीन श्वास सोडते. त्याच वायूवर आमच्या चुलीशेजारची गोबर गॅसची निळी शेगडी चालायची, आणि सकाळचा चहा तिच्यावरच व्हायचा. घरातला तो उपकारी आणि शेतातला तो खेळकर, असाच मिथेन मला लहानपणी माहीत होता.

पाण्याखालच्या मातीत काय चालतं ते मुलांना मी पंगतीच्या रूपात सांगायची. जमिनीत मुळांचे तुकडे, पालापाचोळा, शेणखत असं खाद्य असतं आणि खाणारे सूक्ष्मजीव असंख्य. पहिल्या पंगतीला ऑक्सिजन वापरणारे बसतात. शेतात पाणी भरलं की मातीतला ऑक्सिजन बघता बघता संपतो, आणि मग नायट्रेटवर श्वास घेणारे बसतात. त्यांच्यानंतर मँगनीजवाले, मग लोहवाले, मग सल्फेटवाले. नाकाला येतो तो वास या सल्फेटवाल्यांचा. मिथेनला स्वतःचा वास नसतो. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर शेवटच्या पंगतीला बसतात ते आर्किया. हे फार जुने जीव, पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन येण्याच्या आधीपासूनचे. ऑक्सिजन लागला की त्यांचं काम थांबतं. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, अ‍ॅसिटेट असं जे उरलेलं असतं त्यावर ते जगतात आणि मिथेन सोडतात.

या क्रमाचा अर्थ शेतात उभं राहिल्यावर जास्त कळतो. पाणी चार दिवस राहून उतरलं तर शेवटच्या पंगतीची पाळीच येत नाही. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली, तिथे लोहवालेच बराच काळ जेवत बसतात आणि मिथेनला उशीर होतो. आमच्याकडे येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, माजगाव या पट्ट्यात काळी चिकण माती. एकदा भिजली की पाणी सोडत नाही. त्यात पाणी आठवडेच्या आठवडे कोंडलं की खाली सगळं काळं पडतं आणि आर्कियांचा कारखाना सुरू होतो. आणि पोरीने पाहिले ते बुडबुडे म्हणजे या सगळ्यातला लहानसा भाग. भाताच्या काडीत मुळापासून पानापर्यंत पोकळ्या असतात. रोप त्यातून वरची हवा मुळांना पोचवतं, म्हणून तर ते पाण्यात उभं राहून जगतं. त्याच वाटेने खालचा मिथेन वर येतो. भाताच्या हंगामात शेतातून बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत वायू असा पिकाच्या अंगातून जातो, दिसत नाही की ऐकू येत नाही. मुळांभोवती आणि चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो. तिथे मिथेन खाणारे दुसरे जिवाणू राहतात आणि वाटेतच त्यातला बराचसा संपवतात. एवढीशी जागा, पण ती नसती तर हवेत किती जास्त गेला असता याचा विचार केला की त्या बोटभर चिखलाबद्दल मला फार आदर वाटतो.

जमेल तेवढा हिशेबही मांडून पाहिला. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने दक्षिण आशियातल्या, हंगामभर सतत पाण्याखाली राहणाऱ्या भातशेतीसाठी हेक्टरी दिवसाला 0.85 किलो मिथेन असा दर धरला आहे. चार महिन्यांच्या पिकाला एकरी साधारण 40 किलो होतात. घरच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, म्हणजे वजनाने जवळजवळ तीन सिलिंडर. शंभर वर्षांचा विचार केला तर मिथेनचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस किलोंइतका तापवतो, वीस वर्षांचा केला तर ऐंशी किलोंच्या आसपास. मात्र हवेत तो जेमतेम दशकभर टिकतो. हे शेवटचं वाक्य मला आशेचं वाटतं. आज कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसेल असा हा वायू आहे.

पण हे आकडे तात्यांसमोर ठेवायचे कसे?

1991 मध्ये हाच प्रश्न देशापुढे होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातशेतीतून वर्षाला पावणेचार कोटी टनांहून जास्त मिथेन निघतो असं धरलं होतं. तो अंदाज परदेशातल्या थोड्याशा मोजमापांवरून इथल्या सगळ्या शेतांवर पसरवलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांनी देशभरातल्या संस्थांना एकत्र केलं, आणि माणसं भातशेतात पेट्या मांडून हवेचे नमुने घेत बसली. आकडा आला साधारण 40 लाख टन. जवळजवळ नवव्या-दहाव्या हिश्शावर आला. कारण साधं होतं: भारतातली कितीतरी भातशेती सतत पाण्यात नसतेच. पावसाच्या भरवशावरची शेतं मधे मधे वाळतात, आणि वाळली की आर्किया थांबतात. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगासमोर विचारलं की पोट भरण्यासाठी चिखलातून निघणारा वायू आणि चैनीसाठी गाड्यांतून निघणारा धूर एकाच तराजूत कसा तोलता? मला हा प्रश्न आजही तितकाच खरा वाटतो. 2021 मध्ये ग्लासगोला मिथेन कमी करण्याच्या जागतिक वचनावर भारताने सही केली नाही, त्यामागेही लहान शेतकऱ्याची हीच काळजी होती. पण माझं मन तेवढ्यावर थांबत नाही. वायूला गरीब-श्रीमंत कळत नाही, आणि त्याने बिघडवलेला पाऊस आधी तात्यांच्याच शेतावर पडतो.

आमच्या भागात पूर्वी भात जास्त करून धूळवाफेवर पेरायचे. अजूनही पेरतात. मे महिन्यात वळवाचे एक-दोन पाऊस झाले, जमीन नांगरून भुसभुशीत झाली की कुरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, बी पेरायचं. आजोबा कुरीमागे चालायचे तेव्हा त्यांच्या पायांवर धूळ बसलेली असायची, पाणी कुठे दिसायचंही नाही. मिरगाच्या पावसावर उगवण, मग कोळपणी, बायकांची भांगलण, आणि पाणी बांधात साचेपर्यंत पीक वीतभर वर आलेलं. रोप लावलेल्या शेतात चिखल करून पहिल्या दिवसापासून पाणी ठेवावं लागतं. धूळवाफेच्या शेतात पहिले काही आठवडे माती हवेशी बोलत असते. आज भातातला मिथेन कमी करण्यासाठी कोरड्या जमिनीत थेट पेरणी करा असा सल्ला जगभर दिला जातो. आजोबांनी तशी पेरणी कुणाच्या सल्ल्याने केली नव्हती, मजूर आणि पाणी दोन्ही वाचतं म्हणून केली होती. दिवाळीच्या सुमाराला बासमती पसवायची, आणि संध्याकाळी शिवारातून चालत आलं की कपड्यांना वास यायचा. कापणी झाल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. मसूर निघेपर्यंत काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. आम्ही त्या भेगांत गोट्या हरवायचो. त्याच भेगांतून वर्षभराची कोंडलेली जमीन हवा घ्यायची, हे मला कितीतरी नंतर कळलं.

इथे मात्र दुसरी बाजू येते, आणि ती नीट बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जमीन कोरडी आणि उबदार झाली की पहिल्या पंगतीचे ऑक्सिजनवाले जोमाने कामाला लागतात आणि मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. पाणथळ जमिनीत कुजणं मंद असतं, म्हणून तिथे कर्ब साठून राहतो. जगातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदली जमिनीच्या जेमतेम तीन टक्क्यांवर आहेत, पण जगभरच्या मातीतला जवळजवळ एक तृतीयांश कर्ब त्यांनी धरून ठेवला आहे. वरच्या मीटरभर मातीत मिळून हवेतल्या कार्बनच्या दुपटीच्या आसपास कर्ब आहे. म्हणजे जे पाणी मिथेन सोडायला लावतं तेच पाणी जमिनीचा कस राखतं. आमच्या पोरीने तात्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेतला सेंद्रिय कर्बाचा आकडा मला दाखवला. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर चांगला, असा तो मोजतात. कागदावर दशांशाचा फरक काहीच वाटत नाही. पण एकरभर शेताचा वरचा अर्धा फूट थर सुमारे नऊ लाख किलो भरतो, त्यात 0.1 टक्का कर्ब म्हणजे 900 किलो. एवढा कर्ब कमवायला किती वर्षांचं शेणखत लागतं ते गोठा सांभाळणाऱ्या बाईला विचारावं. गोठेही आता कमी झाले. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, विकली जाते, शेणखत विकत आणावं लागतं.

ऊन वाढतंय तसं दोन्हीकडून ओढ लागली आहे. कोरड्या महिन्यांत कर्ब लवकर जळतो, ओल्या महिन्यांत मिथेन जास्त होतो. 2014 मध्ये संशोधकांनी जगभरच्या मोजमापांचा ताळा घेतला, त्यात मिथेन तयार होण्याची क्रिया वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणापेक्षा आणि साध्या श्वसनापेक्षा तापमानाला जास्त संवेदनशील निघाली. जग तापलं की दलदली जास्त मिथेन सोडणार, आणि त्याने जग आणखी तापणार. हे आता भविष्यातलं राहिलं नाही. औद्योगिक युगाच्या आधी हवेत मिथेनचं प्रमाण अब्जात सुमारे 720 भाग होतं, आता ते 1900 च्या पुढे गेलं आहे. 1999 ते 2006 या काळात ते जवळपास स्थिर होतं. 2007 पासून पुन्हा चढायला लागलं, आणि तेव्हापासून हवेतल्या मिथेनमधला कार्बन हलका होत चालला आहे, म्हणजे त्यात कार्बनच्या जड प्रकाराचा वाटा घटतो आहे. सूक्ष्मजीवांनी केलेल्या मिथेनची ती खूण आहे: पाणथळी, गुरं, भातशेती, कचऱ्याचे ढीग यांची.

2019 चा ऑगस्ट बेळगावात कोण विसरेल? घरं पडली, रस्ते तुटले, येळ्ळूरपासून हलग्यापर्यंत शिवाराचा समुद्र झाला. त्याच वर्षी हिंद महासागराचा पश्चिमेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला होता, आणि वर्ष संपताना समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेत अफाट पाऊस झाला. दक्षिण सुदानातली सुद्दची दलदल फुगली, व्हिक्टोरिया सरोवर भरून वाहिलं. पुढच्या दोन वर्षांत हवेतल्या मिथेनने मोजमाप सुरू झाल्यापासूनच्या सगळ्यात मोठ्या उड्या मारल्या, आणि त्यात उष्ण कटिबंधातल्या पाणथळींचा मोठा हात असल्याचं संशोधकांनी मांडलं. दुसरं कारण टाळेबंदीचं. गाड्या थांबल्या, धूर कमी झाला, आणि त्या धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंमुळे हवेत तयार होणारे मिथेन साफ करणारे कणही कमी झाले. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीत उभी होते. तात्यांच्या बुडालेल्या शेताचा आणि नाईलकाठच्या त्या दलदलीचा समुद्र एकच.

आता उपायाकडे येते, कारण तिथेच तात्यांचं वाक्य खरं अडतं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आलटून-पालटून पाणी देण्याची पद्धत सांगितली आहे. शेतात भोकं पाडलेला एक पाइप पुरायचा. आतलं पाणी जमिनीखाली वीतभर, म्हणजे 15 सेंटिमीटर उतरेपर्यंत शेत वाळू द्यायचं, मग पुन्हा पाणी द्यायचं. फक्त पीक फुलोऱ्यात असताना शेतात पाणी ठेवायचं. मिथेन निम्म्याच्या आसपास कमी होतो, उत्पन्न घटत नाही, पाणी वाचतं. नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, पण एकूण हिशेब फायद्याचा राहतो. पोरीने हे सगळं चित्र काढून तात्यांना दाखवलं. तात्यांनी नीट ऐकलं, पाइपची भोकं केवढी ठेवायची तेसुद्धा विचारलं. मग म्हणाले, “पाणी उतराय पायजे की ग. उतरून जाणार कुठं ते?”

ही पद्धत पाण्याचा नळ शेतकऱ्याच्या हातात आहे असं धरून चालते. आमच्या खालच्या शेतात पाणी कुणी भरत नाही. आभाळ भरतं आणि नाला कोंडतो. बळ्ळारी नाल्यात शहराचं सांडपाणी, गाळ, जलपर्णी; पावसाळ्यात तो वाहायचा सोडून उलटा शेतात शिरतो. नाला साफ करा म्हणून शेतकरी किती वर्षं निवेदनं देत आले ते इथल्या वाचकाला सांगायला नको. सांडपाण्यातली घाण त्या सूक्ष्मजीवांना आयतं खाद्य होते. भात पाण्याखाली कुजलं तर तेही खाद्य. मग दुबार लावणीसाठी पुन्हा चिखल आणि पुन्हा पाणी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आम्ही त्या पट्ट्याच्या दक्षिणेला, पण कमी दिवसांत जास्त पाऊस हे आमच्याही अंगणात दिसतं आहे. पावसाळ्यात जो मिथेन आमच्या शिवारातून जातो त्यातला पीक पिकवण्याच्या पाण्याचा किती आणि पीक बुडवणाऱ्या पाण्याचा किती, हे वेगळं मोजलं पाहिजे. माझी खात्री आहे की हिशेब तिथे बदलेल. भाताला लागणारं पाणी राहू द्या. त्याला मारणारं पाणी काढायचं असेल तर पाइपच्या आधी नाला वाहता हवा. नाल्यातला गाळ उपसणं हे मला आता हवामानाचं काम वाटतं. आमच्यापुरतं तरी तेच पहिलं काम आहे.

या उन्हाळ्यात घरात यावर बरंच बोलणं झालं. वरच्या, पाणी न तुंबणाऱ्या शेतात धूळवाफेवर बासमती पेरायची आणि तिथे पोरीचा पाइप पुरायचा असं ठरलं. ताजी पिंजर जमिनीत गाडायची नाही. आधी शेणाबरोबर कुजवायची आणि मसुराच्या वेळी घालायची, कारण कच्ची पिंजर पाण्याखाली गेली की मिथेन वाढतो आणि कुजलेल्या खताने तेवढा वाढत नाही, कर्ब मात्र जमिनीत जातो. शेजारच्या बांधकऱ्यांशी बोलून पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या करायच्या. बुजलेल्या वाटांपैकी काही तात्यांना अजून आठवतात. खालच्या शेताचं काय करायचं यावर मात्र एकमत झालं नाही. पोर म्हणते तिथे पाण्यात तग धरणारी जात लावू. तात्या म्हणतात आधी मे महिन्यात नाल्याची सफाई होते का बघू, झाली तर बासमतीच. यंदाच्या निवेदनात आम्ही शेवटी एक परिच्छेद वाढवला आहे. साचलेल्या पाण्यातून काय तयार होतं आणि ते कुठे जातं, हे त्यात मराठीत आणि कानडीत लिहिलंय. कानडी पोरीने लिहिलं. खाली पहिली सही तात्यांची आहे.